बॅटरी काढल्यावर

आधीच सांगतो, माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच असतील, सांभाळून घ्या. ही गोष्ट मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका माणसाची आहे. घरात त्याला दादा म्हणतात, म्हणून मीही दादाच म्हणतो.

दादाचा धाकटा भाऊ विद्यापीठात शिकत होता. दोन महिने त्याचा घरी फोन नव्हता. दोन पेपर बुडवल्याचं पत्र मात्र आलं. तिसरा बुडाला तर नाव काढून टाकणार होते, आणि तो पेपर दुसऱ्याच दिवशी सकाळी होता. आई म्हणाली, तूच जा, तुझं ऐकतो तो. दादानं दुकानाचं शटर ओढलं आणि निघाला.

वसतिगृहाच्या फाटकावर वॉचमननं कुणाकडे आलात आणि कामधंदा काय ते विचारलं. भावाकडे आलाय आणि मोबाइल उघडून दुरुस्त करतो हे कळल्यावर म्हणाला, मग आता भावालाच उघडून बघा. लिफ्ट बंद होती. जड पिशवी या हातातून त्या हातात घेत दादा चार मजले चढला. शेजारच्या खोलीतला मुलगा म्हणाला, आठ दिवस जेवायला दिसला नाही, पण ऑनलाइन दिसतो, म्हणजे जिवंत असणार.

दिवेलागण झाली होती, पण खोलीत दिवा नव्हता. न धुतलेल्या कपड्यांचा आणि तापलेल्या चार्जरचा वास कोंडला होता. धाकटा पलंगावर भिंतीला टेकून बसला होता. फोनचा निळसर उजेड त्याच्या खप्पड गालांवर पडला होता. अंगठा वर सरकायचा, थांबायचा, पुन्हा सरकायचा. दादानं हाक मारली तरी मान वर झाली नाही.

दादाला रागावता येत नाही. त्यानं फोन अलगद काढून घेतला, खिडकीशी जाऊन मागचं झाकण उचकटलं आणि बॅटरीच बाहेर काढली. दुकानात त्यानं असे शेकडो फोन गप्प केले होते. बॅटरी काढली की विषय संपला.

हातातला फोन काळा झाला. धाकट्याच्या चेहऱ्यावरचा उजेड तसाच राहिला.

आता अंगठा रिकाम्या तळहातावर सरकत होता.

“काय बघतोस?” दादानं हळूच विचारलं.

“दादा येतोय... दुसऱ्या मजल्यावर थांबलाय. पिशवी या हातातून त्या हातात घेतोय. तो आला की फोन ठेवतो.”

दादा दुसऱ्या मजल्यावर खरंच थांबला होता. पण त्याला आता अर्धा तास झाला होता.

“अरे, मी आलोय. तुझ्याजवळच तर बसलोय.”

“दाराशी पोचतो... आणि पुन्हा खालून सुरू होतं. मग कसा थांबू मी?”

भीती वाटायला हवी होती, पण दादाला आधी नवल वाटलं. उघडलेली वस्तू आत डोकावून बघायची त्याला सवयच होती. तो वाकला. तळहातावर नुसत्या रेषा होत्या. त्यानं आपली बोटं मध्ये धरली, तर त्यांच्यावरही तो निळसर उजेड पडला. किंचित कोमट होता. मग त्यानं तो तळहात मिटवला आणि आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. खोली अंधारली. आतला अंगठा बराच वेळ धडपडला, धरलेल्या पक्ष्यासारखा. मग शांत झाला. धाकट्याचं डोकं दादाच्या खांद्यावर कललं आणि त्याला झोप लागली.

दादानं पहाटेपर्यंत मूठ सोडली नाही.

सकाळी त्यानं धाकट्याला अंघोळ घातली, दोन घास भरवले, हातात पेन दिलं. दोघं पेपरला निघाले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर धाकटा एकदम भिंतीला चिकटला. खालून कुणी वर येत असलं की आपण वाट देतो ना, तसा.

जिना रिकामा होता. दादानं खालपर्यंत नीट पाहिलं.

मग तोही भिंतीला चिकटून उभा राहिला. त्याची पिशवी वर खोलीतच होती, तरी एका जड पिशवीचा कोपरा त्याच्या गुडघ्याला घासून वर गेला. दोघं तसेच थांबले, आणि वाट मोकळी झाल्यावर खाली उतरले.