नखाची खूण

कवळ्या बनवायचं काम दोघं मिळून करायची. मापं तो घ्यायचा. समोरच्या सहा दातांचा आकार मात्र बायको ठरवायची. ती गिऱ्हाइकाला आधी हसवायची, हसताना नाक किती फुलतं ते बघायची आणि डब्यातून नेमके दात काढायची. मेणावर बसवलेले दात मनासारखे दिसले, की मेणाच्या मागच्या बाजूला नखाने चंद्रकोर उमटवायची. म्हणजे पास.

ती गेल्यापासून आठ महिन्यांत पाच कवळ्या परत आल्या होत्या.

"बाबा, सहावी परत आली तर दुकानाला कुलूप. कबूल?" मुलगी म्हणाली.

"कबूल," तो म्हणाला.

सहावी कवळी एका निवृत्त शिक्षिकेची. बाई दोन वर्षं तोंडावर हात धरूनच हसत होत्या. त्याने नाकाचं माप तीनदा घेतलं, त्याप्रमाणे लहान दात मेणावर बसवले आणि किल्ली खिशात टाकून घरी गेला.

सकाळी मेणावर मोठे दात होते.

त्याने ते उपटून पुन्हा लहान बसवले. कुलूप लावून जेवायला गेला. आला तर पुन्हा मोठे.

"तुम्हीच बसवले असतील," मुलगी म्हणाली. "परवा चष्मा फ्रिजमध्ये सापडला."

त्याने मेणाला बोट लावलं. कोमट होतं.

"राहू दे असेच," तो म्हणाला.

चार वाजता बाई आल्या. मेणाची कवळी तोंडात बसवून आरशात बघितलं आणि तोंडभर हसल्या. हात मांडीवरच राहिला.

"अहो, हे तर माझेच दात! शंभरपैकी शंभर, कवळीवाले. जन्मात कुणाला दिले नाहीत मी!"

मुलीने डोळे पुसत कुलूप खणात टाकलं.

बाई गेल्यावर त्याने मेण उलटं केलं. मागे चंद्रकोर होती.

"जिंकलो गं आपण!" तो तिच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून मोठ्याने म्हणाला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याचा ऊर भरून आला.

मग त्याला स्टुलावरचं दुसरं मेण दिसलं. कुणाचीच ऑर्डर नव्हती. सहा दात. डावीकडचा एक जरासा तिरपा, अगदी त्याच्या स्वतःच्या दातासारखा. मागे चंद्रकोर.

त्याचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते. त्याने जिभेने आपला तिरपा दात चाचपला.

दात हलला.