पुड्यातली अबोली

पेण स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षात त्या सकाळी एकच जागा रिकामी होती, आणि ती रिकामी का होती हे मला सोडून सगळ्यांना कळत होतं. पन्नाशीकडे झुकलेला एक माणूस मांडीवर गोणपाटाची पिशवी घेऊन, चोरी केल्यासारखा अंग आकसून बसला होता. समोरच्या दोघी नाकाला पदर लावून बाहेर बघत होत्या. मी आपली गेले आणि त्याच्या शेजारी बसले.

"सुके बोंबील हायेत," तो ओशाळून म्हणाला. "आईनं मागवलेत. तुम्हाला त्रास होत असेल तर... मी उतरतो. मागच्या रिक्षानं येईन."

"मला कसला त्रास? बसा की."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याला बोंबलांसकट घरात घेतलं होतं! मग रस्ताभर तो हसू दाबत बसला. गालाला खळी पडत होती. पन्नाशीच्या माणसाला खळी... मला ती दिसली, आणि दिसली नाही असं मी स्वतःला बजावलं.

खरं सांगायचं तर मला बोंबलांचा वास आलाच नव्हता. मला कशाचाच वास येत नाही. रोह्याजवळ धाटावला एका कंपनीत मी वीसेक वर्षं पॅकिंगला होते. नाक कधी गेलं आणि कशानं गेलं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. एका सकाळी चहाला वास नव्हता, आणि मग कशालाच नव्हता. मिरचीचा ठसका तेवढा लागतो, डोळ्यांना पाणी येतं. बाकी सगळं जग पाण्याने धुतल्यासारखं.

पॅकिंगला नाक लागत नाही, म्हणून हे कुणाला कळलं नाही. पण पुढे कंपनीलाच टाळं लागलं. वय चव्वेचाळीस, लग्न राहून गेलेलं, आणि रोह्याला धाकट्या भावाच्या, हरेशच्या घरात एक खोली. भाऊ काही बोलला नाही. भावजय एकदाच बोलली, "ताई, पोरीला अभ्यासाला खोली हवी होती..." तेवढंच. पण तेवढं मला रात्रंदिवस ऐकू यायला लागलं. चार ठिकाणी वय बघून नकार मिळाल्यावर पेणच्या एका मसाल्याच्या गिरणीतून बोलावणं आलं. भाजायला बाई हवी होती. मसाला भाजायला, आणि मला! गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मला तर नाकही नव्हतं.

गिरणीच्या मालकीण कृष्णाबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. "शिमगा झाला की इथं पाय ठेवायला जागा नसते," त्या म्हणाल्या. "महिनाभर बघते तुला. भाजणाऱ्याचं नाक तिखट लागतं गो. बायका लेकीइतका जीव लावतात मसाल्याला. एक घाणा करपला तर दहा गिऱ्हाईकं जातात."

मी मान हलवली. आणि आत कढईपाशी बघते तर... खळी.

"पोचले का बोंबील?" मी विचारलं.

"पोचले," तो म्हणाला. "तुमच्या कृपेनं बसून पोचले."

त्याचं नाव दिनानाथ. पंधरा वर्षं तिथे भाजत होता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरी म्हातारी आई. हे सगळं मला पहिल्या दोन दिवसांत कळलं. मी विचारलं नव्हतं, गिरणीत बायका असतात.

"दिनानाथदादा, धणे अजून ठेवू का?" मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यानं झारा थांबवला.

"अख्खं पेण मला दादा म्हणतं. तुम्ही नुसतं अहो म्हणा."

"अहो कुणाला म्हणतात, ठाऊक हाय ना?"

"ठाऊक हाय म्हणून तर..." एवढं बोलून तो कढईत असा काही बघायला लागला, जशी धण्यांना परीक्षाच द्यायची होती.

मी काय करायचे, ते सांगते. मी त्याच्या तोंडाकडे बघायचे. धणे होत आले की त्याची डावी भुवई किंचित वर जायची. खसखस तापली की ओठ मिटायचे. दगडफुलाला तो क्षणभर डोळेच मिटून घ्यायचा. मी त्याच्या समोरच्या कढईत तोच जिन्नस घेऊन झारा फिरवत राहायचे, आणि भुवई हलली की माझी कढई खाली. माझा एकही घाणा करपला नाही. कृष्णाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागल्या, "नवीन बाईचं नाक भारी हाय हां."

पण एखाद्याच्या तोंडाकडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत बघत बसलं की काय होतं, हे मला या वयात कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. त्याच्या कानामागचे पांढरे केस, घाम पुसायची त्याची ती मनगटाची लकब, ठसका लागलेल्या म्हातारीला न मागता पाणी नेऊन देणं... संध्याकाळी रोह्याच्या गाडीत बसले की खिडकीबाहेर शेतं जायची आणि मला भुवई दिसायची. माझा जीव जडला होता. आणि तोही खोटेपणावर उभा राहून, म्हणून आनंद धड होत नव्हता. महिना भरत आला होता. रोज वाटायचं, आज कळेल. रोज वाटायचं, आजचा दिवस तरी जाऊ दे.

"गो शिल्पा," बायजाबाई एकदा सगळ्यांसमोर ओरडल्या. बायजाबाई म्हणजे गिरणीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. "कढईत बघ जरा! भाजणाऱ्याकडं काय बघतेस?"

बायका खो-खो हसल्या. दिनानाथ कानापर्यंत लाल झाला. त्यानं चुकून मिरच्यांत दोनदा तेल घातलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गिरणी जेवणासाठी बंद असताना, तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हातात केळीच्या पानाचा, दोऱ्यानं बांधलेला पुडा.

"ओळखा," तो म्हणाला. "सोडायचं नाय. नाकानं ओळखा. एवढं भारी नाक तुमचं..."

मी मनाशी हिशोब केला. चैत्र होता, सुरंगीचा बहर. चैत्रात माणूस बाईला काय देईल? मी पुडा नाकाशी धरला, डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला.

"सुरंगी!" मी म्हणाले. "काय घमघमाट सुटलाय हो!"

मी दोरा सोडला.

आत अबोलीचा वळेसर होता, हातानं विणलेला गजरा. केशरी, टपोरी... आणि अबोलीला वास नसतो, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्याला माझी गंमत करायची होती. मी म्हणणार, वासच येत नाय, फसवताय का मला? आणि मग तो हसणार. पण तो हसला नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "व्हय... सुरंगीच." आणि पाठमोरा होऊन जेवणाचा डबा धुवायला निघून गेला.

मी ती फुलं माळली. आणि दिवसभर वाट बघत राहिले, आता तो सांगेल, आता कृष्णाबाई हाक मारतील. कुणी हाक मारली नाही. फक्त त्या दिवसापासून त्याचं वागणं विचित्र झालं. बोलणं कमी, आणि तोंडाचे हावभाव मात्र नाटकातल्यासारखे. धणे झाले की भुवई थेट कपाळाच्या टोकाला. खसखशीला असे ओठ आवळायचा, की दाढ दुखते आहे असं वाटावं. मला वाटलं, माझी टिंगल करतोय. मी मनातल्या मनात रडले आणि कढई वेळेवर उतरवत राहिले. तेवढं तर साधत होतं.

आणि मग एका सोमवारी तो आलाच नाही. ताप होता म्हणे. बायजाबाईंच्या नातीचं लग्न होतं, रुखवतात द्यायचा मसाला त्या मोठ्या हौसेनं घेऊन आल्या होत्या. "शिल्पाच भाजेल," कृष्णाबाई म्हणाल्या. "तिच्या नाकाला तोड नाय."

समोरची कढई रिकामी होती. तिच्यामागे कुणी नव्हतं. मी धण्यांच्या रंगाकडे बघत राहिले, धुराकडे बघत राहिले. गिरणीत धूर नेहमीचाच असतो. अजून थोडं, अजून थोडं... दारातून कृष्णाबाईंची किंकाळी आली.

"करपलं! शिल्पा, करपलं गो! अख्ख्या रस्त्याला वास सुटलाय, तुला येत नाय का?"

"नाही," मी म्हणाले. झारा हातातच होता. "येत नाही, काकी. मला कधीच येत नाही."

बायजाबाई काळ्या पडलेल्या धण्यांकडे बघत मटकन खाली बसल्या. त्या मला काहीही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. कृष्णाबाईच शेवटी बोलल्या, आवाज न चढवता. "पोटासाठी केलंस, कळतं मला. पण कढईजवळ आता नको. उद्यापासून हवं तर मिरच्यांची देठं खुडायला बस. मजुरी निम्मी."

वीस वर्षांच्या नोकरीनंतर देठं! मी पिशवी उचलली आणि स्टेशन गाठलं.

आभाळ भरून आलेलं, पाऊस नाही, नुसतं कोंदट. फलाटावरच्या बाकावर मी किती वेळ बसले होते कोण जाणे. भावजयीला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते आणि एकही जुळत नव्हतं. तेवढ्यात कुणीतरी येऊन समोर उभं राहिलं. कानाला मफलर, डोळे तापानं लाल.

"काकीचा फोन आला," दिनानाथ म्हणाला. "मी यायला हवं होतं आज. ताप होता तरी यायला हवं होतं."

"तुम्ही येऊन काय केलं असतंत?"

"भुवई वर केली असती."

मी वर बघितलं.

"मला ठाऊकच नव्हतं माझी भुवई हलते ते," तो म्हणाला. "पंधरा वर्षं खाली मान घालून भाजतोय. अबोलीच्या दिवशी कळलं, तुम्ही एवढं काय बघता ते. मग घरी आरशासमोर बसलो. लांबून दिसेल असं तोंड करायला शिकलो. आई म्हणाली, पोराला झटका आला."

"आणि मला वाटलं तुम्ही चिडवताय! सांगितलं का नाही मला?"

"सांगितलं असतं, तर... तुम्ही माझ्याकडं बघायचं बंद केलं असतं."

तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला, अंग आकसून, रिक्षात बसला होता तसाच.

"एक विचारू? त्या दिवशी रिक्षात तुम्ही बसलात शेजारी. मी रात्री आईला सांगितलं, मिरची-बोंबलाच्या माणसाशेजारी एक बाई नाक न मुरडता बसली म्हणून. माझी बायको होती ना, ती पण मला आधी आंघोळीला पाठवायची. म्हणून मला ते लय... पण तुम्हाला वासच येत नव्हता. वास आला असता, तर उठून गेला असता ना?"

आणखी एक खोटं बोलायला सोपं होतं. पण त्या दिवसापुरतं माझ्याकडचं खोटं संपलं होतं.

"गेले असते," मी म्हणाले. "नवी नोकरी, नेसूला धुवट साडी... पुढच्या रिक्षाची वाट बघितली असती."

"व्हय," तो म्हणाला आणि रुळांकडे बघत बसला. वाईट वाटल्याचं लपवायला त्याला कधीच जमत नाही. ते तोंड मला पाठ होतं.

"आता कसला वास येतोय?" मी विचारलं. "सांगा ना. मला कुणी सांगतच नाही."

त्यानं मान वर केली. "पलीकडं वडे तळतायत. तेल जुनं हाय. रुळांना ग्रीसचा वास हाय. लांब कुठंतरी पाऊस झालाय, त्याचा."

"आणि माझा?"

त्यानं माझ्याकडे झुकून श्वास घेतला. "करपलेल्या धण्यांचा," तो म्हणाला. "पदरात भरलाय. मला आवडतो."

मी हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. तिथे मिरचीही नव्हती दोष द्यायला.

"उद्या या देठं खुडायला," तो म्हणाला. "मी समोरच असतो. आणि घरात... एक नाक दोघांना पुरतं, शिल्पा."

त्यानं पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं. मी काही उत्तर देणार, तोच रोह्याची गाडी फलाटाला लागली. लोक उठले, पिशव्या उचलल्या गेल्या. तोही उठू लागला, मला वाट करून द्यायला.

गाडी थोडा वेळ थांबली. चढणारे चढले. मी उठले नाही.