बेहड्याखालचं लॉगआउट

माले गाव मागे टाकून आसमाने एका भल्यामोठ्या बेहड्याच्या सावलीत स्कूटर लावली. उन्हाने जीव नकोसा झाला होता. तिने पाण्याची बाटली तोंडाला लावली, तोच मागच्या झुडपातून दबका आवाज आला —

"हलू नका!"

बाटली ओठांवरच राहिली. साप... नक्कीच साप! पौडच्या बाजारात अब्बांच्या हार्डवेअरच्या दुकानात लहानाची मोठी झालेली आसमा सापांना तशी घाबरायची नाही. पण नोकरीसाठी सूसला राहायला गेल्यापासून सवय मोडली होती. तिने श्वास रोखला.

आणि मग डोक्यावरून काहीतरी गेलं. एखादं जाड लुगडं वाऱ्यावर झटकावं तसा आवाज... फस्स, फस्स, फस्स. राखी रंगाचा एक मोठा पक्षी समोरच्या फांदीवर येऊन बसला. वाकडी, लांब चोच, तिच्यावर छोटंसं शिंग. त्याने मान तिरपी केली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि अलगद झाडाच्या बुंध्याला जाऊन बिलगला. तिथे ढोली होती — म्हणजे असावी, कारण तिचं तोंड चिखलाने लिंपून बंद केलेलं होतं. फक्त एक बारीक फट उरली होती. त्या फटीतून आतल्या कुणाचं तरी चोचीचं टोक बाहेर आलं.

पक्ष्याने घशातून एक उंबर वर काढलं आणि त्या टोकात ठेवलं. मग दुसरं. मग आणखी एक... जादूगार तोंडातून चेंडू काढतो तसा तो काढतच राहिला, आणि आतली चोच ते घेतच राहिली.

तो उडून गेला तरी आसमा हलली नाही. तिला वाटलं, आपण हललो तर हे सगळं खोटं ठरेल.

"आता हलला तरी चालंल," झुडूप म्हणालं.

झुडपातून बाहेर आला तो एक उंच, सावळा तरुण. कोपरांवर काट्यांचे ओरखडे, केसांत वाळकं पान, हातात टॅब. तो भराभर काहीतरी लिहीत होता. लिहून झालं, त्याने 'जतन करा'वर बोट दाबलं आणि कपाळावर हात मारला.

"काढलं! पुन्यांदा भाईर काढलं मला!"

"कुणी?"

"ह्यानं!" त्याने टॅब तिच्यासमोर धरला. "धनेशाची वाट बघत गप बसलं, की ह्याला वाटतंय मानूस उठून गेला. वर सांगत बी न्हाई. मी आपला लिवतोय, लिवतोय... आन जतन करायला गेलो की म्हणतोय, 'पुन्हा लॉगइन करा'. लिवलेलं समदं गडप! ज्यानं हे बनवलंय ना, त्याला एकदा माझ्यापुढं उभा करा."

आसमाने बाटलीचं झाकण लावलं. फार सावकाश लावलं.

"त्याला नाही," ती म्हणाली, "तिला. आणि... उभीच आहे की समोर."

तरुणाचं तोंड उघडं राहिलं. मग कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याचं नाव शहनवाज. मालेत त्याची रोपवाटिका होती, आणि उन्हाळाभर एका निसर्गसंस्थेसाठी तो धनेशाच्या घरट्याची राखण करायचा. त्याच संस्थेची नोंदींची वेबसाइट आसमाने बनवली होती, आणि 'सारखं लॉगआउट होतं' ही तक्रार ऐकायलाच ती संस्थेच्या धरणाजवळच्या कार्यालयात निघाली होती.

"आता तक्रार थेट माझ्याकडेच करा," ती हसू दाबत म्हणाली.

"न्हाई... तसं फार काय न्हाई. बाकी साइट लई चांगली हाय."

"आत्ता तर मला उभं करणार होता."

"केलंय की उभं. आता... बसा."

ती बसली. वाळक्या पाल्यावर, त्याच्यापासून बेताच्या अंतरावर. तिने टॅब पाहिला आणि चूक तिच्या लगेच ध्यानात आली. पंधरा मिनिटं कुणी काही केलं नाही, की सर्व्हर आपल्या बाजूने दार लावून घेत होता. पण समोरचं पान मात्र तसंच उघडं दिसत होतं. माणूस आपला बंद दारासमोर बोलत बसायचा.

"मग ते लॉगआउट काढूनच टाका की," तो म्हणाला.

"हा टॅब कितीजण वापरता?"

"समदे राखणदार. आळीपाळीनं."

"आणि या पानावर झाडापर्यंत यायचा नकाशा आहे. कुठे विसरलात, कुणी उचलला, तर?"

"मी विसरत न्हाई."

"सगळे असंच म्हणतात."

"समद्यांना तुमी असंच डोळे मोठ्ठे करून इचारता व्हय?"

आसमाने चटकन नजर वळवली. वर ढोलीची फट होती. तिथे दोन-अडीच महिन्यांसाठी स्वतःला कोंडून घेतलेली एक आई होती, असं त्याने सांगितलं. ती आत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. पिसं गाळते. अंडी उबवते. आणि ह्या एका फटीवर, बाहेरच्या त्या एकट्या पक्ष्यावर भिस्त ठेवून बसते.

"तो आला नाही तर?" आसमाने विचारलं.

शहनवाजने ढोलीकडे मान उचलली. नुसता वर पाहत राहिला.

त्या आठवड्यात आसमाने करू नये ते केलं. नीट दुरुस्तीला वेळ लागणार होता, आणि रोज बाहेर ढकलला जाणारा तो वैतागलेला चेहरा काही डोळ्यांपुढून जात नव्हता. तिने राखणदारांसाठी लॉगइनची मुदत वाढवली... थेट दिवसभराची. तात्पुरती, असं तिने स्वतःला बजावलं.

मग दर शनिवारी ती 'चाचणी घ्यायला' येऊ लागली. चाचणी कसली! झुडपाआड दोघं बसायची. बोलायचं तर कुजबुजत. म्हणून जवळ बसावं लागे. दुपारी शहनवाजची आई रोशनबी भाकरी आणि करवंदाचं लोणचं घेऊन यायची. मुलाकडे बघायची, आसमाकडे बघायची आणि काही न विचारता जास्तीची भाकरी ठेवून जायची.

"अम्मी तुमच्यासाठी ज्वारीची करतीय हल्ली. मला तांदळाचीच मिळायची."

"मग तुमचा फायदाच झाला."

"लई फायदा झालाय," तो म्हणायचा... आणि भाकरीकडे बघायचाच नाही.

मेच्या एका रविवारी सकाळी तिचा फोन वाजला.

"आसमा..." आजवर तो 'मॅडम' म्हणायचा. "झाडाखाली गाड्या आल्यात. लई मानसं हायेत. कॅमेरे घिऊन. नकाशा कुटनं तरी फुटला."

तिने लॅपटॉप उघडला, सगळ्या टॅबवरची, सगळ्या फोनवरची खाती एकाच फटक्यात बंद केली, नकाशा झाकला, आणि स्कूटरला किल्ली लावली. पिरंगुटला बस आणि ट्रकांची रांग लागली होती. ती कडेच्या मातीतून, खड्ड्यांतून स्कूटर दामटत राहिली.

बेहड्याखाली जत्रा होती. कुणी तिपाई रोवत होतं, कुणी मोबाइलवर धनेशाचा आवाज लावत होतं. शहनवाजचा चेहरा उतरला होता.

"टॅब च्याच्या हाटेलात चार्जिंगला लावला नि विसरलो," तो तिच्या नजरेला नजर न देता म्हणाला. "कुणीतरी फोटू काढला नकाशाचा."

"आणि तो दिवसभर उघडा राहील अशी सोय मी केली होती," आसमा म्हणाली. "नंतर भांडू. धनेश आला होता का?"

"सकाळपस्नं न्हाई."

भलामोठा कॅमेरा घेतलेल्या एका गृहस्थांना शहनवाजने जायला सांगितलं, तर ते उसळले. "जंगल काय तुझ्या मालकीचं आहे?" शहनवाजच्या मानेची शीर फुगली. आसमा मध्ये आली. तिने आवाज चढू दिला नाही.

"काका, ती फट दिसते? आत आई आहे, पिल्लं आहेत. त्यांना बाहेर येता येत नाही. आपण इथे आहोत तोवर बाप जवळ येणार नाही. सकाळपासून ती उपाशी आहेत."

गृहस्थांनी वर पाहिलं. फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं, हवेत जरा थांबलं, आणि रिकामंच आत गेलं.

त्यांनी कॅमेरा खाली घेतला. "मला माहीत नव्हतं हो," ते पुटपुटले. मग तेच मागे वळून बाकीच्यांना म्हणाले, "चला, निघा सगळे. चला!"

गाड्या गेल्या. धूळ बसली. दोघं झुडपाआड जाऊन बसली, आणि वाट पाहणं सुरू झालं.

दुपार कलली. रोशनबीने आणलेली भाकरी तशीच राहिली. आसमाच्या पायाला मुंग्या आल्या, मग पाय असल्याचंच कळेना. रातकिडे किरकिरू लागले. शहनवाज हळूच म्हणाला, "आला न्हाई तर..." आणि थांबला. त्याचे डोळे भरले होते. या दांडग्या माणसाला कुणासाठी तरी असं रडू येतं, हे पाहून आसमाच्या आत काहीतरी कायमचं हललं.

आणि मग... फस्स, फस्स, फस्स.

तो लांबच्या फांदीवर उतरला. मान तिरपी केली. कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. माणसांना पुन्हा माफ करावं की नाही, हे ठरवत असल्यासारखा. मावळतीचा उजेड त्याच्या पंखांवर होता. मग तो झेपावला, बुंध्याला बिलगला, आणि त्याने घशातून पहिलं उंबर वर काढलं.

फटीतली चोच ते घेताना थरथरली.

आसमाला हसू येत होतं की रडू, तिला कळत नव्हतं. एवढ्या मोठ्या डोंगरात, एवढ्या गोंगाटानंतर, एक जीव दुसऱ्यासाठी परत आला होता. तिचा हात शहनवाजच्या हातात होता. कधी गेला, कुणी धरला, दोघांनाही ठाऊक नव्हतं, आणि दोघांपैकी कुणीही तो सोडवला नाही.

नंतरचे दिवस ती झपाटल्यासारखी काम करत राहिली. मुदत पुन्हा पंधरा मिनिटांची. पण आता लिहिलेलं अक्षर न अक्षर राहणार होतं. पुन्हा लॉगइन केलं की त्याच माणसाला, त्याच पानावर, त्याच ओळीपाशी ते सापडणार होतं. दुसऱ्या कुणाला नाही. आणि दार लागण्याआधी सूचना येणार होती.

"घंटी नगं हं," शहनवाज फोनवर म्हणाला. "धनेश उडंल."

"घंटी नाही. पडदा हळूहळू केशरी होईल. बोट लावलंस की पुढची पंधरा मिनिटं तुझी."

"मंजी राग आला की तोंड लाल होतंय, तसं? तुझं होतंय तसं?"

"शहनवाज!"

"आत्ता झालं बग. हितनं दिसतंय."

मग एके दिवशी धनेशाची मादी दार फोडून बाहेर आली. पिल्लांनी आतून दार पुन्हा लिंपलं. आणि जूनच्या तोंडावर, आभाळ भरून आलेल्या एका सकाळी, शहनवाजने निरोप पाठवला — आज.

दोघं शेजारी शेजारी बसली. आतून ठोके पडत होते. चिखलाचा एक तुकडा गळला, मग दुसरा. बाहेर आईबाप फांद्या बदलत हाका मारत होते. भोकातून एक डोकं आलं — विस्कटलेलं, चकित, सगळं जग पहिल्यांदाच बघणारं. ते काठावर येऊन डुगडुगलं. आसमाने तोंडावर हात धरला.

पंखांचा फडफडाट झाला. काठ रिकामा होता.

"गेलं!" शहनवाज टॅब सावरत म्हणाला. "कुनीकडं गेलं? दिशा लिवाया पायजे."

"म्हणजे? तू बघितलं नाहीस?"

त्याने टॅबमध्ये मान घातली.

"तीन महिने या एका क्षणासाठी काट्यांत बसलास... आणि बघितलं नाहीस?"

"तुज्याकडं बघत हुतो," तो म्हणाला. "तुजं तोंड असं झालं हुतं की... मला हलवंना." मग धीर करून, एका दमात — "अम्मी इचारत हुती, पौडात तुज्या अब्बांकडं, हाफीजभाईंकडं, कंच्या दिशी यावं. मी म्हनलं, आदी आसमाला इचारतो. तर... इचारतोय."

तिने मान खाली घातली. पाला सारून मातीत बोटाने रेघ ओढली, पुसली.

"शुक्रवारी," ती म्हणाली. "नमाजनंतर अब्बा दुकान उघडत नाहीत. घरीच असतात."

मग शहनवाजने घसा खाकरला.

"आन... दिशा? काय लिवू? कुनीकडं गेलं पिल्लू?"

आसमाने वर पाहिलं. ढोलीचा रिकामा काठ, हलणारी पानं. तिला हसू फुटलं, आणि ते काही केल्या आवरेना.

"मला काय माहीत? ते पडेल म्हणून मी डोळेच मिटून घेतले होते!"