ओहोळातून आलेली हाक

हसू नका रं. कशेळे नाक्यावरचा कमाल जीपवाला तुमाला ठाऊक हाय. खोटं बोलायला गेला की तोतरतो बिचारा. आणि हे सांगताना एकदाही तोतरला नाय.

मार्गशीर्षातली अमावास्या. शुक्रवार, एकोणीस डिसेंबर. सांजचे सात वाजून गेलेले. खांडसच्या न्हाव्याची नवी खुर्ची जीपमध्ये टाकून कमाल निघाला होता. शेजारी आर्ने बसलेला. नॉर्वेचा म्हातारा, साठीचा, ताडमाड. त्याची पोर सिग्री भादव्यात भर पावसात निळा रेनकोट घालून डोंगर चढायला गेली ती परतलीच नाय. शोधणारे थकले. एका साहेबानं सांगितलं, आता घरी जा. म्हातारा म्हणाला, पोरीला घेतल्याबिगर हलणार नाय. आणि खरंच हलला नाय, पठ्ठ्या! तीन महिने वाड्यावाड्यांतून पायपीट. नाचणीची भाकरी खायला शिकला, मोडकं हिंदी शिकला. कुणी हाक मारली की ‘ओ’ द्यायची, हे त्याला कमालनंच शिकवलं.

दर वळणाला म्हाताऱ्यानं जीप थांबवायला लावायची, खाली उतरायचं नि अंधारात ओरडायचं, "सिग्री!" कमालनं त्याला बजावलं होतं, अमावसेला असं नाव घेऊन ओरडू नका. आणि उलटून कुणी हाक मारलीच, तर तिसरी हाक येईपर्यंत ओ द्यायची नाय. ‘ते’ दोनदाच हाक मारतं.

रस्त्याखालच्या शेवटच्या मोरीजवळ म्हाताऱ्यानं हाक मारली. रातकिडासुद्धा ऐकू येईना. आणि खालून, ओहोळातून, बाईमाणसाचा आवाज आला.

"फार…"

कमालला आधी हसूच आलं. काय फार? थंडी फार? गावातलंच कुणीतरी असणार. वळून बघतो, तर म्हाताऱ्याचं तोंड पांढरंफटक.

"मैं फार," छातीवर हात ठेवून तो म्हणाला. "हमारी बोली में… बाप."

तेवढ्यात खालून परत हाक आली.

"फार…"

दोन झाल्या. कमालनं म्हाताऱ्याच्या तोंडावर हात दाबला. थांबले दोघं. तिसरी…

नाय आली.

मिनिट गेलं. दोन गेली. नायच.

"चलो साहेब, अल्ला के वास्ते!"

म्हाताऱ्यानं हात झटकला. "भूत है तो मेरी बेटी का भूत है!" गरजलाच तो. "बेटी बुलाती है, बाप चुप बैठेगा?" आणि छाती भरून ओरडला, "ओ! ओ, सिग्री!"

आणि उतरला की खाली!

फांद्या मोडल्या. धाडकन पडल्याचा आवाज. एक आरोळी. मग… काय नाय.

वर कमाल एकटा. चावी हातात होती, निघून गेला असता तर कोण विचारणार होतं? पण गेला नाय. हॉर्न वाजवत बसला. वाजवतच बसला.

पावणेनऊला म्हातारा वर आला. रडत होता, नि हसतही होता. "नहीं मिली," म्हणाला. "कुछ नहीं देखा. कल फिर आऊँगा." अजून जातो तो तिथं. कुणाच्या बापाला भीत नाय.

त्याचं डावं कोपर दगडावर फुटलं होतं. त्यावर निळ्या रेनकोटाची पट्टी घट्ट आवळलेली. ओलीचिंब, डिसेंबरात. गाठ पार मागच्या बाजूला. कुणी बांधली, विचारलं, तर म्हातारा त्या गाठीकडे बघतच राहिला. तशी गाठ एका हातानं बसत नाय, पोरांनो. घरी जाऊन बांधून बघा.