मामीच्या काढ्यात काय होतं?

वृंदामामीला सातवा महिना लागला होता. गरोदरपणात रक्तदाब वाढू नये म्हणून अण्णाआजोबा तिला रोज स्वतःच्या हातचा काढा देत. तरी तीन आठवड्यांत तिचा दाब एकशे चौदावरून एकशे बेचाळीसवर गेला.

आजोबांचं सगळं आयुष्य वनस्पतींच्या संशोधनात गेलेलं. "मात्रा कमी पडतेय. उद्यापासून दोन पेले," ते म्हणाले.

"नाही! आधी कारण शोधायचं. तोवर एक थेंबसुद्धा नाही," त्यांची अकरा वर्षांची नात हेमांगी म्हणाली.

"तू मला शिकवणार?" आजोबा कडाडले. हेमांगीचे डोळे भरून आले, पण तिने मामीचा हात सोडला नाही. काढ्याची बाटली घेऊन ती मामीला थेट आरोग्यकेंद्रात घेऊन गेली. आजोबाही धुसफुसत मागोमाग आले.

तिथल्या धन्वी नावाच्या यंत्रमानवाने दाब मोजला आणि लगेच उडती रुग्णवाहिका बोलावली. "मामींना आत्ताच डॉक्टरांकडे न्यायला हवं."

निरोप मिळताच धावत आलेल्या मामाबरोबर मामी गेली. मग धन्वीने काढ्याचा थेंब तपासला. "आवळा, धणे आणि भरपूर ज्येष्ठमध."

"तिला तुरट गिळवत नव्हतं. गोडीसाठी मीच घातलं," आजोबा म्हणाले.

"ज्येष्ठमधात ग्लिसरायझिन (त्याला गोडी देणारं रसायन) असतं. त्यामुळे मूत्रपिंडं (रक्त गाळणारे अवयव) मीठ आणि पाणी अंगातच धरून ठेवतात. रक्तात पाणी वाढतं."

"म्हणजे पाइप तेवढाच, पण नळ मोठा सोडलेला!" हेमांगी म्हणाली.

"अगदी. मात्र दाब वाढायला इतर कारणंही असतात. ती डॉक्टरच शोधतील."

आजोबांनी बाटली हातात घेतली. "आणि मी दोन पेले देणार होतो..."

काढा बंद झाला, डॉक्टरांची औषधं सुरू झाली, दाब आटोक्यात आला. दोन महिन्यांनी मामीला खणखणीत आवाजाची मुलगी झाली.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी आजोबांनी कोरी वही काढली. "आता अंदाजाने कुणाला काही द्यायचं नाही. एकेक वनस्पती आधी प्रयोगशाळेत तपासायची. सुरक्षित ठरली, तरच डॉक्टरांच्या देखरेखीखाली, स्वतःहून तयार झालेल्या बायकांमध्ये तुलना करायची: अर्ध्या जणींना अर्क, अर्ध्या जणींना तशाच चवीचं पाणी. कुणाला काय मिळालं ते शेवटपर्यंत गुप्त."

"आणि उपयोग होत नाही असं दिसलं तर?"

"तर तेही लिहायचं."

पहिल्या पानावर त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'ज्येष्ठमध: गरोदरपणी देऊ नये. चूक माझी.'

मग पान उलटून त्यांनी पेन हेमांगीच्या हाती दिलं. "लिही. आवळा."