दौलतरावांच्या वावरातला खडक

वरून:
उंचावरून काढलेल्या फोटोत इंझोरीचं शिवार करडं दिसतं. दौलतरावांच्या वावरात एक काळा, खरबरीत डाग. त्यावर भूजल खात्याच्या साहेबांची लाल फुली. काळं, खरबरीत म्हणजे कठीण पाषाण. फिकट, गुळगुळीत म्हणजे मुरूम. मुरमात पाणी झिरपतं, पाषाणात नाही. म्हणून या वावरात ठरलेली वस्तीची विहीर आता नाल्यापलीकडे जाणार होती.

खालून:
दौलतरावांची नात पौर्णिमा, तिचा चुलतभाऊ प्रसेनजित आणि मैत्रीण मंजू सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन निघाले. विहीर लांब गेली, तर पौर्णिमाच्या आईला हंड्याएवढा पाण्याचा गुंड डोक्यावर घेऊन रोज नाला ओलांडावा लागणार होता. तो खडक निदान बघावा तरी, असं तिघांनी ठरवलं.

खडक नव्हताच. सब्बल मारावी तिथे मुरूम.

"कोनं चोरून नेला का व?" प्रसेनजितने विचारलं.

मंजू वाकून जमीन बघत होती. सगळीकडे वाळक्या लेंड्या.

"चोरून नाही नेला," ती म्हणाली. "त्याले पाय होते."

खतासाठी दौलतरावांनी वावरात गोपीचंदचा काळ्या मेंढ्यांचा कळप बसवला होता. फोटो त्याच दिवसांतला!

वरून:
सतीशकाका ड्रोनने लग्नांचे फोटो काढायचा. मुलांनी त्याला गळ घातली. गोपीचंदने मेंढ्या पुन्हा तिथेच बसवल्या. एक फोटो. कळप उठून गेला. दुसरा फोटो.

खालून:
साहेब ग्रामपंचायतीत आले. पौर्णिमाने पहिला फोटो दाखवून विचारलं, खडक तो हाच का?

"हाच. काळा पाषाण. कडा बघ कशा तुटक आहेत."

तिने दुसरा दाखवला. तेच वावर, तीच बाभूळ. डाग गायब.

साहेबांनी चष्मा पुसला. "खडक कुठे गेला?"

"नाल्यावर पानी पिऊन राह्यला, साहेब," पौर्णिमा म्हणाली.

सगळे हसले. साहेब तेवढे हसले नाहीत. तडक वावरात गेले, स्वतः सब्बल मारली, मुरूम मुठीत चोळून पाहिला आणि तिथेच विहिरीची खुंटी ठोकली. आधीच यायला हवं होतं, एवढंच म्हणाले.

"वावर म्या देल्लं," दौलतराव लोकांना सांगत होते, "पन विहीर या पोट्ट्यायनं आनली."

रिकामा गुंड डोक्यावर घेऊन पौर्णिमाची आई घरापासून खुंटीपर्यंत चालत गेली आणि परत आली. चुलीवर ठेवलेला चहा अजून उकळलाही नव्हता.