न बिघडणारा पंप

"एक हॉर्सपॉवरचा पंप द्या, विहिरीत सोडायचा. आणि जरा लवकर हं, माझी बस चुकेल."

दुकानाचे मालक कोपऱ्यातल्या निळ्या पंपाकडे वळले, तेवढ्यात मागच्या पडद्याआडून आवाज आला.

"नका घेऊ."

ती चपापली. पडदा सरकला आणि कोपरापर्यंत ग्रीस माखलेला एक तरुण बाहेर आला. हातात उघडलेली मोटर, कपाळावर स्वतःच्याच काळ्या बोटाचा ठसा, आणि डोळे मात्र एकदम स्वच्छ.

"का नको घेऊ?" तिनं विचारलं.

"मघाशी तुम्ही बॅटरीत घालायचं पाणी मागितलंत. म्हणजे घरात सोलरची वीज असणार."

"फक्त सोलरचीच. आमच्या टेकडीवर विजेची तार आलेलीच नाही."

"मग हा पंप सुरू होताना तिप्पट-चौपट वीज ओढेल. इन्व्हर्टर मान टाकेल. दिवे जातील, फ्रिज जाईल, आणि तुम्ही मला शिव्या घालाल."

"तुम्हाला कशाला? मालकांना घालीन."

मालक खाकरले. "हा माझा भाचा. दुरुस्तीचं काम बघतो. विक्रीचं बघत नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल."

तिला हसू आलं. भाच्यालाही आलं असावं, कारण तो उगाचच मोटरीकडे बघायला लागला.

"विहीर किती खोल आहे?" त्यानं मोटरीलाच विचारल्यासारखं विचारलं.

"खोल आहे."

"किती?"

"पुष्कळ."

"टाकी किती उंचावर?"

"घराच्या मागे… वर."

"रोज पाणी किती लागतं?"

"पुरत नाही, एवढं माहीत आहे!"

आता तो मोकळेपणानं हसला. "एवढ्यावर पंप देता येत नाही हो. मला यावं लागेल. गुरुवारी चालेल?"

बस तर चुकलीच. पण का कोण जाणे, त्या दिवशी तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

टेकडीच्या उतारावर तिची रोपवाटिका होती. चार हजार रोपं, हिरव्या जाळीचं एक छप्पर, आणि वर दोन खोल्यांचं घर. घरात ती आणि तिची आत्या. आत्या तीस वर्षं इस्पितळात नर्स होती; अजूनही कुणी शिंकलं तरी कपाळाला हात लावून बघायची. विहीर उताराच्या पायथ्याशी. तिच्यातल्या कट्ट्यावरचं डिझेलचं जुनं इंजिन कधी चालायचं, कधी रुसायचं. रुसलं की तिला बादल्या वाहाव्या लागत, आणि ती वाहताना आत्या गुपचूप मागून एखादी उचलायची, गुडघे दुखत असले तरी.

शहरातला दादा दर रविवारी फोन करायचा. "उन्हाळ्याआधी पाण्याचं काहीतरी कर. नाहीतर जागा विकू आणि तुम्ही दोघी इकडे या." तो रागानं म्हणत नव्हता, हीच तर पंचाईत होती. आणि आत्याचे सुजलेले गुडघे बघून तिनं या वेळी "बरं" म्हणून टाकलं होतं.

गुरुवारी तो आला. हात धुतलेले, शर्ट इस्त्रीचा, खांद्यावर पिशवी. पिशवीतून त्यानं लांबलचक टेप काढली, तिच्या टोकाला वजन बांधलं आणि विहिरीत सोडली.

"छत्तीस फुटांवर पाणी," तो म्हणाला. "लिहा."

"मी लिहू?"

"माझं अक्षर मलाच वाचता येत नाही."

मग टेपचं एक टोक तिच्या हातात देऊन तो टप्प्याटप्प्यानं उतार चढत टाकीपर्यंत गेला. ती खाली, तो वर, मध्ये ताणलेली टेप. तो दर वेळी ओरडून आकडा सांगायचा आणि ती मुद्दाम "काय?" म्हणायची. तिसऱ्या खेपेला ते त्याच्या लक्षात आलं. त्यानं आकडा आणखी हळू आवाजात सांगितला.

"आता विहिरीचा उपसा करून बघू," खाली येऊन तो म्हणाला. "इंजिन अर्धा तास चालवायचं, पाणी किती उतरतं ते बघायचं. मग ते परत किती वेळात भरतं ते मोजायचं. दर दहा मिनिटांनी."

"म्हणजे किती वेळ?"

"तीनेक तास… तुम्हाला कामं असतील तर मी एकटा बसतो."

"नाही, म्हणजे… अक्षराचा प्रश्न आहे ना."

इंजिन धडधडलं, काळा धूर सोडून अर्ध्या तासानं थांबलं. पाणी पाच फूट खाली गेलं होतं. अचानक सगळीकडे शांतता पसरली. दोघं विहिरीच्या काठावर बसले, मध्ये वही. आत भिंतीतून झऱ्याचं पाणी झिरपत होतं. कान दिला की बारीक आवाज यायचा. दहा मिनिटं झाली की तो टेप सोडायचा, ती आकडा लिहायची, आणि पुढची दहा मिनिटं त्यांची असायची.

पहिल्या दहा मिनिटांत दोघांनी वहीत रकाने आखले. दुसऱ्या दहांत कळलं की ती जशी आत्याकडे, तसा तोही लहानपणापासून मामाकडेच वाढलाय. चौथ्यात तिनं सांगितलं की दादाच्या घरी गॅलरीत फक्त सहा कुंड्या मावतात.

"सहा?" त्यानं उतारावरच्या चार हजार रोपांकडे बघितलं. "मग बाकीच्यांचं काय?"

याआधी कुणीच हा प्रश्न विचारला नव्हता. "दहा मिनिटं झाली," ती म्हणाली. झाली नव्हती. तरी त्यानं टेप सोडली.

आत्या चहा घेऊन आली, एकवार दोघांकडे, एकवार वहीकडे बघितलं. "विहीर भरतेय ना?"

"भरतेय," दोघं एकदमच म्हणाले.

"दिसतंय," म्हणून आत्या निघून गेली.

तीन तासांनी त्यानं हिशेब मांडला. विहीर तासाला बाराशे लिटर पाणी देत होती. मोठा पंप तिला बघता बघता कोरडी करून स्वतःही जळला असता. त्यानं कागदावर एक छोटासा पंप काढून दाखवला. बॅटरीला हातही न लावता दोन पॅनलवर थेट चालणारा, तासाला हजार लिटर टाकीत चढवणारा.

"इतकुसा?" तिचा चेहरा पडला.

"सकाळी ऊन आलं की आपला आपण सुरू होईल. चार तासांत तुमचं दिवसभराचं पाणी वर. पाईप मात्र जाड घ्या, बारीक पाईपमध्ये निम्मा जोर वाया जातो. आणि टाकीला एक तरंगता गोळा लावू, भरली की पंप आपोआप बंद."

"आणि ढग असले तर?"

"तर हळू चालेल. पण चालेल." तो म्हणाला, "खोटं बोलून विकता येत नाही मला. म्हणून मामा काउंटरवर बसू देत नाही."

दहा दिवसांनी पंप बसला. पहिल्या दिवशी नेमकं आभाळ भरून आलेलं. ती टाकीपाशी, तो विहिरीपाशी. बराच वेळ काहीच नाही… मग पाईपच्या तोंडातून एक गुळणी आली, आणि मागोमाग करंगळीएवढी धार. बारीक, पण न तुटणारी. ढग सरकला तशी धार अंगठ्याएवढी झाली. आत्यानं धारेखाली हात धरला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

रविवारी दादाचा फोन आला तेव्हा तिनं फोन टाकीत पडणाऱ्या पाण्याजवळ धरला. दादा बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "बरं. राहा मग तिथेच. मीच येतो बघायला."

सगळं मनासारखं झालं होतं. तरी तिला करमेना.

एक आठवडा गेला, दुसरा गेला. पंप रोज सकाळी मुकाट सुरू व्हायचा, मुकाट बंद व्हायचा. ना खरखर, ना गळती. ती जाताना-येताना त्याच्याकडे अशी बघायची, जणू त्यानं तिचं काही चोरलंय.

"एवढा चांगला पंप," आत्या शेंगा सोलता सोलता म्हणाली, "मिस्त्रीला यायला काही कारणच ठेवलं नाही त्यानं. वेडाच आहे."

"आत्या!"

"मी पंपाबद्दल बोलतेय," आत्या म्हणाली. "बस साडेनऊला आहे."

दुकानात शिरताना तिनं तीन वाक्यं पाठ केली होती. मामांनी "काय बिघडलं?" म्हणून विचारताच तिन्ही उडाली.

"काही नाही," ती म्हणाली. पडद्यामागची ठोकाठोक थांबली. "काहीच बिघडत नाही. तीच तक्रार आहे माझी."

मामांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. "दुरुस्तीचं मी बघत नाही," असं म्हणून ते उठले आणि समोरच्या दुकानात जाऊन बसले.

तो बाहेर आला. या वेळी हातात काहीच नव्हतं, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्याला कळेना.

"मी दोनदा निघालो होतो," तो म्हणाला. "एकदा बस स्टॉपवरून परतलो, एकदा टेकडीच्या खालून. म्हटलं, विचारतील कशाला आलात, तर काय सांगू?"

"काय सांगणार होतात?"

"तेच ठरत नव्हतं ना." तो ग्रीस लागलेल्या बोटांकडे बघत होता. "वाईट पंप दिला असता तर दर महिन्याला यायला मिळालं असतं. त्या दिवशी विहिरीवर बसलो होतो तेव्हा हे मनात आलं होतं, खरंच. पण मग तुम्ही आणि आत्या बादल्या वाहताना डोळ्यांपुढे दिसायला लागलात."

ती काउंटरपाशी एक पाऊल पुढे आली.

"मला… तिथं यायला आवडेल," तो म्हणाला. "पंप नसला तरी. पाणी नसलं तरी. तुम्ही आहात म्हणून."

"मग मी विचारते," ती हळूच म्हणाली. "कधी येतोस?"

'येतोस' ऐकून त्यानं मान वर केली. कपाळावर पुन्हा काळा ठसा होता. तिनं ओढणीचं टोक घेतलं आणि तो पुसला. पुसला कसला, आणखी पसरवला. दोघंही हसायला लागले.

"आत्ताच येतो," तो म्हणाला. "थांब, हात धुऊन येतो."

साडेअकराच्या बसला ते दोघं शेजारी बसले. उताराच्या वळणावरून टेकडी दिसायला लागली तेव्हा तिचा हात त्याच्या हातात होता, आणि तो तिला विचारत होता की चार हजारांपैकी कुठलं रोप तिनं सगळ्यात आधी लावलं होतं. ती सांगत होती, सविस्तर, अगदी पहिल्या पानापासून.